ओसरीवर पडलेली साखराबाई

आमच्या गावात गाडीवरून कुणी पडत नाही. खोटं वाटत असेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन विचारा. तिथल्या नोंदीत आमची माणसं पडतात ती ओसरीवर. तरणीताठी पोरं, कोपर-गुडघे सोलून निघालेले, जखमेत डांबरी सडकेची खडी रुतलेली, पण पडलेली ओसरीवर. ही शिकवण गावाला साखराबाईनं दिली, आणि शेवटी तीच तिच्या उरावर बसली.

साखरा माझी शेजारीण. तिच्या-माझ्या घरात एक भिंत. गाव नांदेड आणि लातूर जिल्ह्याच्या शिवेवर. तिचं माहेर चाकूरकडचं, माझं कंधारकडचं, आणि दोघींची लग्नं एकाच उन्हाळ्यात. मी तिसरी शिकलेली, ती शाळेच्या दारातही गेलेली नाही. त्यामुळं गावात मी हुशार आणि ती शहाणी, असं ठरून गेलेलं. हुशाराला कोण विचारतंय? अडलं-नडलं की सगळे तिच्या दारात.

नाव साखरा असलं तरी जीभ ठेच्याची. पण स्वतःचं दुखणं त्या जिभेवर कधी आलं नाही. एकदा विंचू चावला तर पाय दोरीनं बांधून भाकरी थापत बसली होती. मी म्हणलं, "कामून असा पाय धरून बसलीस गं?" तर, "काय न्हाई, बरं हाय." भागवतच्या वेळेला कळा येत होत्या आणि ही सुपात ज्वारी पाखडून राहिली होती. सासूनं विचारलं, "काय होतंय का?" म्हणाली, "बरं हाय." सूप खाली ठेवलं आणि पोरगं झालं.

तिलाच कशाला नावं ठेवू, आमच्याकडचं वळणच आहे ते. कुणी तब्येत विचारली की "बरं हाय" म्हणायचं. विचारणारा चार पावलं चालून आलेला असतो, त्याच्या अंगावर आपलं दुखणं कशाला टाकायचं? त्याला पाणी द्यायचं, जेवलास का म्हणायचं. तो वेशीबाहेर गेला की मग खुशाल कण्हायचं.

साखराचा नवरा ग्यानोबा. भागवत आणि आरती लहान असताना तो बाजारातून जीपच्या टपावर बसून येत होता. वळणावर खाली आला, डोक्यावर. साखरा त्याला घेऊन दवाखान्यात गेली. हा दवाखाना नव्हे, जुना एक होता, आता तिथं दुकानं झालीत. तिथल्या माणसानं विचारलं, कशानं झालं? तिनं खरं सांगितलं, जीपवरून पडले. झालं! म्हणे ही पोलीस केस, आधी जमादार येऊ द्या, मग हात लावू. जमादार कुठल्याशा जत्रेच्या बंदोबस्ताला. ग्यानोबा बाहेरच्या बाकड्यावर, आणि साखरा पदरानं त्याचं डोकं दाबून बसलेली. तेवढ्यात दुसरा एक म्हातारा आणला, घराच्या पायरीवरून घसरलेला. त्याला कुणी काही विचारलं नाही, थेट आत नेलं. साखरानं ते बघितलं. जमादार आला तेव्हा ग्यानोबाचा पंचनामाच तेवढा करायचा राहिला होता.

तिथून पुढं ती गावाची दवाखान्यातली सोबतीण झाली. कुणाची बाळंतीण असो, कुणाला साप चावो, साखरा पिशवीत भाकरी घालून जीपमध्ये बसायची. आणि गाडीवरून पडलेला असला की वाटेतच त्याला पढवायची.

"काय म्हणशील तिथं?"

"मावशे, मोटरसायकल घसरली म्हणून..."

"मुडद्या, मोटरसायकलचं नाव काढलास तर तिथंच टाकून येईन. वसरीवर पडलो म्हण."

"पण मावशे, पँट फाटली की सगळी."

"मग फाटकी पँट घालून वसरीवर पडलो म्हण!"

आणि पोरं वाचली, हेही खरं. निदान लगेच पट्टी झाली, सुई मिळाली. त्यामुळं ते गावाच्या तोंडी बसलं. लहान लेकरांनाही पाठ. जमादाराची वाट बघायचे ते दिवस केव्हाच सरले होते म्हणे, पण ते सरले हे आम्हाला येऊन कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी साखरानं बाकड्यावर जे बघितलं ते कुणाच्या सांगण्यानं पुसलं जाणार नव्हतं.

दोन वर्षांमागं तालुक्याच्या दवाखान्यात दामिनी नावाची एक पोरगी आली. तिचं काम एकच. डोक्याला मार लागलेलं माणूस आलं की कसं लागलं, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, हे सगळं विचारून हातातल्या पाटीएवढ्या मोबाईलमध्ये भरायचं, आणि माणूस घरी गेल्यावर अधूनमधून फोन करून तब्येत विचारायची. डोक्याचा मार फसवा असतो, वरून टाका सुकतो आणि आत कळ राहते, म्हणून सरकारनं मागावर माणूस ठेवलेलं. काम चांगलं. पण तिच्या मोबाईलमध्ये आमच्या गावचं जे जमा झालं त्यात नुसत्या ओसऱ्याच ओसऱ्या. वरच्या सायबांना काळजी पडली असणार, या गावच्या ओसऱ्यांना झालंय तरी काय! मागच्या पावसाळ्यात आरोग्य खात्याच्या आशाताईच्या हाती मोठाले रंगीत कागद आले. त्यावर एक बाई घसरून पडलेली, आणि खाली छापलेलं, घरातली फरशी कोरडी ठेवा, पडणे टाळा. मी वाचून दाखवलं तर साखरा पोट धरून हसली.

"आमच्या वसरीला फरशी कुठं हाय गं माय? शेणानं सारवलेली ती. सरकारला म्हणावं आधी फरशी दे, मग आमी कोरडी ठेवतो!"

तो कागद मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर चिकटवला. आणि त्या भिंतीच्या समोरच भागवतचा ब्रेकर आहे.

ब्रेकरचं सांगायला पाहिजे. साखराचा भागवत ग्रामपंचायतीत मेंबर. देवळापुढं कुणाची तरी शेळी गाडीखाली गेली, तेव्हा यानं पुढं होऊन रस्त्यावर आडवा ब्रेकर घालून घेतला. परवानगी कुणाची नाही, माप कशाचं नाही. मुरूम, सिमेंट आणि उत्साह. म्हशीच्या पाठीएवढा उंच, वर पांढरा पट्टाही नाही. उद्घाटनाला नारळ फोडला. साखरा तेव्हाच म्हणाली होती, "भागवत, ह्याच्यावर नारळच फुटतंय का बघ, का अजून काय फुटतंय."

दिवाळी झाल्यावर भागवत आईला घेऊन आरतीकडं गेला होता. आरती तिची लेक, चाकूरला दिलेली. येताना आरतीनं शेवयांचा डबा दिला. साखरा मोटरसायकलवर आमच्या सगळ्या बायका बसतात तशी एका अंगानं बसलेली, डोक्यावर पदर, दोन्ही हात डब्याला. लेकाला धरायला हात उरलाच नाही. दिवस मावळत होता. भागवतला सगळ्या रस्त्याचे खड्डे पाठ, पण स्वतः घातलेला ब्रेकर तेवढा विसरला. गाडी उडाली, गाडी खाली आली, भागवत गाडीवरच राहिला. साखरा मागं, सडकेवर, डोक्याच्या मागच्या बाजूवर.

मी पळत गेले तेव्हा डोळे मिटलेले होते. हाका मारल्या, ओ नाही. डबा मात्र पोटाशी गच्च, एक शेवई सांडलेली नव्हती. पाणी मारलं तर जरा वेळानं डोळे उघडले, आणि पहिलं काय बोलावं? "पदर कुठंय माझा?"

भागवत आणि त्याची बायको शिल्पा तिला जीपमध्ये घालून घेऊन गेले. दवाखान्यात काय झालं ते शिल्पानंच मला सांगितलं. दामिनीनं विचारलं, कसं लागलं आजींना? भागवतनं तोंड उघडलंच नव्हतं, खाटेवरून साखराच बोलली, "वसरीवर पडले गं माय. पाय घसरला." भागवतला तर देव पावल्यासारखं झालं. गाडी म्हणावं तर ब्रेकर आला, ब्रेकर म्हणावं तर मेंबर आला. शुद्ध गेली होती का? "न्हाई न्हाई," भागवत म्हणाला, "बोलतच व्हती." डॉक्टरनं बघितलं, मागं टेंगूळ, माणूस बोलतंय, चालतंय, ओसरीवर घसरलेलं. टाका घालायचीही गरज नव्हती. गोळ्या दिल्या. काही झालं तर लगेच या म्हणाला, आणि घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी साखरा चुलीपुढं हजर. मी म्हणलं, "कसं हाय डोकं?" उत्तर तुम्हाला माहितीच आहे.

पहिले काही दिवस ती खरंच बरी होती. तेच फसवं. मग हळूहळू एकेक बिघडायला लागलं. कालवणात मीठ नाही. मग कालवणात मीठच मीठ. डोक्याला फडकं करकचून बांधायला लागली, विचारलं तर म्हणायची, "वारं लागतंय." एक चप्पल पायातून निसटून जायची आणि तिला कळायचंच नाही, अनवाणी एक पाय ओढत माझ्या दारात. ज्या बाईनं सुनेच्या माहेराला आयुष्यात नाव ठेवलं नाही तिनं शिल्पाला भरल्या पंगतीत आईवरून शिवी दिली. शिल्पा रडत माझ्याकडं आली. आणि एका दुपारी साखरा माझ्यापुढं बसली आणि म्हणाली, "गौरम्मा, हिरव्या दाखव गं, काचेच्या." गौरम्मा देगलूरकडून बांगड्या विकायला यायची. ती वारली, ती मला वाटतं पोरांची लग्नं होण्याआधीची गोष्ट.

मी भागवतला गाठलं. "हिला दवाखान्यात ने. ही ती न्हाई."

"काकू, वय झालं. साठी बुद्धी नाठी, आन ही तर साठीच्या कितीतरी पुढं गेलीय."

"मी पण तिच्याच वयाची हाय. मी मागती का तुला बांगड्या?"

"तुमचं काय, तुमी हुशार," म्हणून हसला. वाईट पोरगा नाही तो. आईला दूध आणून द्यायचा, पाय चेपायचा. पण नेलं असतं तर पहिल्यापासून विचारलं असतं, आणि पहिल्यापासून म्हणजे ब्रेकरपासून. म्हातारचळ म्हणलं की कुणाला काही सांगावं लागत नाही. आरतीचाही फोन आला होता, तिलाही भागवतनं तेच सांगितलं, बरं हाय. त्या घरात त्या दिवसांत सगळं बरंच होतं.

आणि मग त्या दामिनीचा फोन आला. पहिला एक येऊन गेला होता, तो भागवतनंच घेतलेला. हा आला तेव्हा मी तिथंच ओसरीवर बसलेले. शेणानं सारवलेली, कोरडी ठणठणीत ओसरी. साखरा भिंतीला टेकून सकाळपासून पेंगत होती. तोंडात घास दिला तर चावायचं विसरत होती. भागवतनं फोनचा आवाज मोठा केला. पोरगी म्हणाली, "भागवतभाऊ, या वेळेला आजींशीच बोलू द्या मला. पेशंटशी बोलायचंच असतं."

माझ्या जिवाला थंडावा आला. म्हणलं आता कळेल. ही बोबडी बोलेल, गौरम्मा म्हणेल, काही ना काही बाहेर येईल. भागवतनं फोन तिच्या तोंडापुढं धरला.

"आजी, दामिनी बोलतेय, दवाखान्यातून. कशी आहे तब्येत?"

साखरानं डोळे उघडले. मान सरळ केली. पदर डोक्यावर घेतला, फोनवर कोण बघणार होतं? पण घेतला. आणि खणखणीत आवाजात, महिनाभरात ऐकला नव्हता अशा आवाजात, म्हणाली, "बरं हाय बाई."

"डोकं दुखतं का?"

"न्हाई गं माय."

"विसरायला वगैरे होतं का काही?"

"काय विसरायचंय आता? सगळं बरं हाय. तू जेवलीस का?"

तिकडं ती पोरगी हसली. "जेवायचंय अजून."

"जेव बाई. उपाशी नको राहूस."

मी ओरडले, "खोटं बोलती ती! तिला काय कळंना झालंय! ए पोरी!"

"कोण बोलतंय?" दामिनीनं विचारलं.

"शेजारच्या काकू हायेत," भागवत म्हणाला. "दोघींची मस्करी चालू असते. ठेवू का मॅडम?"

ठेवला. तिच्या मोबाईलमध्ये साखरा बरी झाली. तिचा काय दोष, पेशंटच्या तोंडून ऐकलं तिनं.

साखरानं परत भिंतीला मान टेकवली. जरा वेळानं माझ्याकडं बघून पुटपुटली, "कोण व्हती गं ती? आपली आरती का?"

डोकं गेलं होतं, पण वळण गेलं नव्हतं. इतकी वर्षं रोज घोटलेलं ते. मेंदू सडला तरी शेवटी तेवढंच शाबूत राहिलं, आणि तेवढ्यानंच घात केला.

त्याच आठवड्यात एका सकाळी ती उठेचना. घोरणं चालू, हलवलं तरी डोळे उघडेनात. मग मात्र एकशेआठची गाडी आली आणि नांदेडला नेलं. मी पण बसले गाडीत, भागवत नको म्हणत होता तरी. तिथं डोक्याचा फोटो काढला. एक तरुण डॉक्टर बाहेर आला, काचेसारखा काळा कागद उजेडात धरला. कवटीच्या आत एका बाजूनं रक्त साकळलं होतं, थोडं थोडं करत कित्येक दिवस. मेंदू दुसऱ्या बाजूला रेटला गेला होता.

"कधी पडल्या होत्या?"

"दिवाळीनंतर," भागवत म्हणाला.

"कशा?"

तो माझ्याकडं बघेना. "वसरीवर. पाय घसरून."

डॉक्टरनं नुसती मान हलवली. म्हणाला, हे आधी कळलं असतं तर कवटीला लहानसं भोक पाडून काढता येतं, पुष्कळ माणसं चालत घरी जातात. आता करतो, पण उशीर झालाय. मी विचारलं, "सायेब, ती गाडीवरून पडली असती, शुद्ध हरपली असती, तर?" तो म्हणाला, "मग तर पहिल्या दिवशीच इकडं पाठवलं असतं, फोटो काढायला." भागवत उठून नळावर गेला आणि कितीतरी वेळ तोंड धूत राहिला.

डॉक्टरनं भोक पाडलं. साखरा काही परत आली नाही. दुसऱ्या दिवशी गेली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि काही दिवसांनी दामिनी स्वतः आली. फोन कुणी उचलेना म्हणून. बारीकशी, उन्हानं तोंड लाल झालेली पोरगी. ओसरीवर बसली. साखरा गेल्याचं ऐकून तिचं तोंड उतरलं. "माझ्याशी तर किती छान बोलल्या होत्या," म्हणाली. मग तो पाटीएवढा मोबाईल काढला. "कशानं गेल्या?"

"वयोमानानं," भागवत म्हणाला.

ती बोट टेकवणार, तेवढ्यात मी म्हणलं, "थांब गं. ब्रेकरवरून पडून गेली ती."

"काकू!"

"ओरडू नको. तिनं शिकवलं तेव्हा तिचं कारण व्हतं. तुझं काय कारण व्हतं?" आणि मी त्या पोरीला पहिल्यापासून सांगितलं. ग्यानोबाचं बाकडं, वसरी, शेवयांचा डबा, गौरम्मा. मध्ये एकदा भागवत म्हणाला, "आता सांगून आई येणार हाय का?" मी म्हणलं, "न्हाई. पण तुझ्या ब्रेकरवरून उद्या अजून कुणीतरी येणार हाय."

दामिनीचे डोळे भरले. म्हणाली, "आजी, आता तसं नाही हो. आता आधी उपचार करतात, पोलिसांसाठी कुणी थांबवत नाही. तुम्ही खरं सांगितलं असतं तर..." मग म्हणाली, पहिली नोंद झाली ती झाली, ती बदलता येत नाही. ओसरीचं ओसरीच राहणार. खाली शेरा लिहिता येतो, तेवढा लिहिते. लिहिला. केवढासा! माझ्या बोटाएवढी जागा होती शेऱ्याला, त्यात साखराचा सगळा जन्म बसवायचा होता.

म्हणजे सरकारच्या हिशेबात ती अजून ओसरीवरच पडलेली आहे. आम्हाला कदाचित आणखी रंगीत कागद येतील.

पोरगी उठली. एका पायात चप्पल घालता घालता तिनं सवयीनं विचारलं, "येते आजी. तुमची तब्येत बरी आहे ना?"

शब्द माझ्या ओठावर आला होता. साखराच्या आवाजातच आला होता. मी तो गिळला.

"न्हाई," म्हणलं. "बरं न्हाई. बस खाली."

शिल्पा चहाचा कप हातात धरून बघतच राहिली. असं उत्तर त्या ओसरीवर कधी कुणी दिलं नव्हतं. दामिनी बसली, एक चप्पल पायात, एक बाहेर. मी पायापासून सुरुवात केली. टाचेला पडलेल्या भेगा, रात्री पोटऱ्यांत येणारे गोळे, डावा गुडघा, जो जिना बघितला की रडतो, आणि कंबर, जी सकाळी माझ्यासंगं उठत नाही.

बाहेर ब्रेकरवर कुणाची तरी गाडी धाडकन आदळली. आमच्या चौघांच्याही माना सडकेकडं वळल्या. गाडी पुढं गेल्याचा आवाज आला, मग श्वास सोडला.

भागवत म्हणाला, "काकू, त्यांना बस गाठायची हाय."

"गाठंल," मी म्हणलं. "डोकं अजून लांब हाय. मी आत्ता कुठं कंबरेपर्यंत आलेय."